पाण्याची सोय

प्लॉट बघायला माणसं जानेवारीत जातात आणि त्या प्लॉटवरच्या घरात राहतात जुलैत. बेळगावच्या दक्षिण अंगाला वडगाव, शहापूर, अनगोळच्या शिवारात सरकत चाललेल्या नव्या वसाहतींचा निम्मा घोळ इथंच सुरू होतो. जानेवारीत बासमतीची सुगी होऊन गेलेली असते. त्याच ओलीवर पेरलेला मसूर, वाटाणा, हरभरा हिरवागार उभा असतो, बांधावर बगळे असतात आणि बळ्ळारी नाला गुडघाभरसुद्धा नसतो. संध्याकाळी गार वारा सुटतो. मग कोणीतरी विचारतं, "पाण्याची सोय आहे का हो?" त्यावर एजंटाचं उत्तर तयार असतं. "आहे की! नळ आहे, बोअर मारलात तर पाणी लागतंयच, आणि समोर नाला. हवा बघा कशी येतेय!"

या 'पाण्याची सोय' शब्दांना दोन अर्थ आहेत. आपल्याला पाणी मिळण्याची सोय हा सगळ्यांना ठाऊक असलेला अर्थ. दुसरा अर्थ खुद्द पाण्याच्या सोयीचा. ते कुठून येतं, कुठं थांबतं, कुठून निघून जातं? पाण्याकाठच्या उपनगरात बाकीच्या सगळ्या सोयी, म्हणजे रस्ता, संडास, वीज, दवाखाना, मुलांची शाळेची वाट, या दुसऱ्या अर्थावर टिकून असतात. विचारलं मात्र पहिल्याबद्दलच जातं.

जागा बघायचीच तर वडगावच्या मंगाईच्या यात्रेला यावं. आषाढातल्या मंगळवारी यात्रा असते. तेव्हा साधारण तरणा पाऊस नाहीतर म्हातारा पाऊस चालू असतो, म्हणजे पुनर्वसू किंवा पुष्य नक्षत्र. आद्रात पडलेलं पाणी जमिनीनं पिऊन झालेलं असतं आणि पुढचं तिला घेता येत नाही. देवीला नमस्कार करून तसंच पुढं शिवाराकडे जावं, पायात चप्पल नको, गमबूट असावेत. रस्ता कुठं संपतो आणि शेत कुठं सुरू होतं हे त्या आठवड्यात कळत नसेल तर एजंटाच्या नकाशाची घडी घालून परत यावं. यात्रेला जमलं नाही तर कोरड्या दिवसांतही खुणा वाचता येतात. आजूबाजूच्या कंपाऊंड भिंतींवर एका रेषेत संपणारा काळपट डाग हा गेल्या मोठ्या पावसाचा दाखला असतो. विजेच्या खांबाला, बाभळीच्या बुंध्याला वाळलेली जलपर्णी नाहीतर प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या असतात, त्यांची उंची टेपनं मोजावी. शेजाऱ्यानं पाण्याची मोटर जमिनीवर ठेवली आहे की भिंतीत ब्रॅकेट मारून छातीइतकी वर चढवली आहे, तेही बघावं. तोंडानं कोणी "इथं पाणी भरत नाही" म्हणालं, तरी मोटर खोटं बोलत नाही.

पाणी इथं का भरतं याचं कारण ढगात कमी आणि जमिनीवर जास्त आहे. भाताचं शेत म्हणजे पाण्यासाठी मांडलेलं ताट. बांध अर्धा फूट धरला तर एका एकरात सहा लाख लिटर पाणी मावतं. भातात आधीच दोन इंच पाणी उभं असलं तरी आणखी चार लाख लिटर सहज बसतं. पन्नास मिलिमीटरची सर एकरावर दोन लाख लिटर पाणी टाकते. म्हणजे अशा दोन सरी शेत स्वतःच्या पोटात ठेवतं आणि मग सावकाश, सवडीनं नाल्याला देतं. याच एकराचे रस्ते वगळून ३० बाय ४० चे वीसेक प्लॉट पडतात. प्रत्येक प्लॉटवर मुरूम-माती टाकून जमीन उचलली की त्या बाराशे चौरस फुटांवर मावणारं सोळा-सतरा हजार लिटर पाणी बेघर होतं. ते शेजारच्या न भरलेल्या प्लॉटवर जातं. मग शेजारी आपला प्लॉट आधीच्यापेक्षा अर्धा फूट वर उचलतो. या चढाओढीत शेवटी खाली राहतो तो रस्ता, आणि त्यामागचा शेतकरी. त्याचं भात चार-पाच दिवस पाण्याखाली राहून कुजतं. दुबार लावणीसाठी तरू, म्हणजे भाताची रोपं, तीही उरलेली नसतात.

दुसरी अडचण मोऱ्यांची, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटांची. रस्ता शिवारातून न्यायचा म्हटलं की भराव येतो आणि भरावाखाली पाईप येतात. ढोबळ हिशोब करून बघा. अडीचशे एकरांवर तासाला पन्नास मिलिमीटरच्या वेगानं पाऊस पडला आणि त्यातलं सत्तर टक्के वाहिलं, तर सेकंदाला सुमारे दहा हजार लिटर पाणी त्या तोंडाशी येतं. तीन फुटी ह्यूम पाईप भरून वाहिला तरी सेकंदाला हजारभर लिटरच नेतो. दहा पाईप हवेत तिथं दोन-तीन घातलेले दिसले की पुढचं भविष्य सांगायला ज्योतिषी नको. वर जलपर्णी आहेच. ती सांडपाण्यातल्या खतावर पोसते, उन्हाळ्यात नाल्यावर गालिचा पसरते आणि पहिल्या लोंढ्याबरोबर सुटून थेट पाईपच्या तोंडाशी जाऊन बसते. फुगलेल्या मुळांचा तो बूच माणसांनी हातानं ओढून निघत नाही. पुलाची कमान किंवा चौकोनी बॉक्स असलेली मोरी याबाबतीत गोल पाईपांच्या ओळीपेक्षा कितीतरी बरी, कारण तिच्या मध्ये अडायला खांब-भिंती कमी असतात.

कागदांबद्दल थोडं, कारण तिथंही नाला असतो. आपल्याकडे बोलणं मराठीत होतं आणि उतारा कानडीत येतो. ज्याला लिपी येत नाही तो सही कुठं करायची तेवढंच विचारतो. पाण्यापुरते चार-पाच शब्द ओळखता आले तरी पुरे. 'केरे' म्हणजे तळं, 'कट्टे' म्हणजे बांध घालून अडवलेलं छोटं तळं, 'हळ्ळ' म्हणजे ओढा, 'होळे' म्हणजे नदी, 'कालुवे' म्हणजे कालवा. उताऱ्यावर 'खराब' म्हणून क्षेत्र वेगळं दाखवलेलं असतं. त्यातलं 'ब खराब' हे रस्ता, ओढा, तळं अशा सार्वजनिक वापराचं असतं, ते विकताही येत नाही आणि त्यावर बांधताही येत नाही. कर्नाटक सरकारचं 'दिशांक' नावाचं ॲप मोबाईलवर घेऊन प्लॉटवर उभं राहिलं की पायाखालचा सर्व्हे नंबर दिसतो. तो कागदावरच्या नंबराशी जुळतो का, नाल्याची रेघ किती लांब आहे, हे तिथंच ताडून बघता येतं. मोबाईलचा नेम पाच-दहा मीटर चुकतो, त्यामुळं काठाला लागून असलेल्या प्लॉटची मोजणी भूमापन खात्याकडूनच करून घ्यावी. 'बुडा'च्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, नकाशात नाल्याकाठचा मोकळा पट्टा किती धरला आहे तेही त्याच फेरीत पाहून यावं. नुसत्या बॉन्ड पेपरवर गुंठा-दीड गुंठा घेणाऱ्याला ही चौकशी जड वाटते. पण नाल्याला अतिक्रमण समजत नाही. तो आपल्या जुन्या वाटेनंच येतो.

आता बांधकाम. बेळगावच्या पश्चिमेला जांभ्याचा पट्टा आहे. तिथं चिऱ्याची भिंत उभी करा, पाया चार फुटांवर थांबवा, पाणी मुरून जातं. दक्षिण-पूर्वेच्या शिवारात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पाडते. अशा जमिनीत पाया काळ्या मातीत थांबवला तर तिसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. खालचा कडक मुरूम लागेपर्यंत जावं. काळी माती फार खोल असेल तर इंजिनिअरला विचारून पाईल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घ्यावेत, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये. खोदाईतून निघालेली काळी माती जोत्यात परत भरायचा मोह सगळ्यांना होतो, कारण ती फुकट असते आणि बाहेर टाकायला ट्रॉलीचे पैसे पडतात. ती भरली की फरशी मधोमध उचलली जाते आणि दारं जमिनीला घासायला लागतात. जोत्यात मुरूमच भरावा, सहा-सहा इंचांचे थर करून, प्रत्येक थराला पाणी मारून आणि धुमुसानं ठोकून. दोन फूट मुरूम एकदम ओतून वर पाणी सोडणं याला भरणी म्हणत नाहीत.

जोतं किती उंच? नियमाची पुस्तकं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट म्हणतात. नाल्याकाठी तो आकडा डागाच्या रेषेपासून मोजावा, जमिनीपासून नव्हे. शिवाय डांबरीकरण दर खेपेला रस्ता दोन-चार इंच वर नेतं आणि जुनं डांबर कोणी खरवडत नाही, हेही धरावं. रस्त्याच्या मध्यापासून किमान तीन फूट असा आग्रह माझा आहे. त्यापायी चार पायऱ्या वाढतात आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो, तेव्हा बाजूनं उतरण करायला जागा आधीच सोडावी. नंतर ती निघत नाही.

उंची मोजायला लेसर नको, पारदर्शक नळी पुरते. दहा-बारा मीटर लांब, बोटाएवढी जाड नळी पाण्यानं भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक रस्त्यावरच्या ड्रेनेज चेंबरच्या झाकणाशी आणि दुसरं आपल्या जोत्याच्या खुणेशी धरायचं. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत थांबतं. बुडबुडा राहिला तर दोन-तीन इंचांची चूक सहज होते, आणि तीच चूक पुढं नडते. कारण चेंबरच्या झाकणाची पातळी हीच तळमजल्यावरच्या संडासाची पूररेषा. नाला तुंबला की गटाराची लाइन उलटी भरते. पाणी सगळ्यात खालच्या उघड्या तोंडातून बाहेर येतं, आणि संडासाचं भांडं झाकणाच्या खाली असेल तर ते तोंड तुमच्या घरात असतं. भांडं आणि न्हाणीची जाळी झाकणापेक्षा अर्धा-एक फूट वर ठेवावी. जमत नसेल तर घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवावा आणि दर मे महिन्यात उघडून त्याची झडप साफ करावी. केस आणि चिंध्या अडकलेली झडप बंद होत नाही.

संप, म्हणजे जमिनीखालची टाकी, यावर जरा थांबायला हवं. इथं होणारी चूक शिकल्या-सवरल्या माणसांकडूनही होते. चार माणसांच्या घराला माणशी रोज १३५ लिटर धरले तर दिवसाला ५४० लिटर लागतात. नळ चार दिवसांआड येत असेल तर २,१६० लिटर, आणि एक पाळी चुकली, वाहिनी फुटली, वीज गेली असं धरून दुप्पट. म्हणून पाच हजार लिटरचा संप बांधतात. आतून दोन मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद, दीड मीटर खोल. भिंती सहा इंची, तळ आणि झाकणाचा स्लॅब पाच इंची धरला तर बाहेरून त्याचं आकारमान सव्वाआठ घनमीटर होतं आणि काँक्रीटचं वजन साडेसात टनांच्या आसपास. जुलैत जमिनीतलं पाणी वरपर्यंत आलं की ते या पेटीला सव्वाआठ टनांनी वर ढकलतं. संप भरलेला असेल तर आतलं पाच टन पाणी त्याला दाबून धरतं. पण "पावसाचं गढूळ पाणी शिरलंय, साफ करून घेऊ" म्हणून कोणी नेमका त्याच आठवड्यात उपसला तर ती साडेसात टनांची पेटी नावेसारखी उचलायला लागते. सगळी वर येत नाही. एका कोपऱ्यातून तिरकी होते, पाईप तुटतात, तळाला चीर जाते आणि पुढं जन्मभर त्या चिरेतून गटाराचं पाणी आत झिरपतं. प्लास्टिकची टाकी पुरली असेल तर ती फुगवलेल्या फुग्यासारखी सरळ फरशी फोडून बाहेर येते. उपाय दोन. बांधतानाच तळाचा स्लॅब भिंतींच्या बाहेर एक फूट चहूबाजूंनी काढावा, म्हणजे त्यावरची माती वजन म्हणून बसते. आणि संप साफ करायचा तो एप्रिल-मेमध्ये. सेप्टिक टँकलाही हाच नियम, गाडी पावसाळ्यात बोलवू नये.

सेप्टिक टँकचं पाणी पुढं शोषखड्ड्यात जातं, आणि तो जमिनीच्या भरवशावर चालतो. भूजल जमिनीपासून सहा फुटांच्या आत येत असेल तर शोषखड्डा शोषत नाही, त्याची विहीर होते. नाल्याकाठच्या काळ्या मातीत पावसाचे तीन महिने हेच घडतं, आणि मग रात्री अंधारात मोटर लावून ते पाणी गटारात सोडणं सुरू होतं. शेजारी वास ओळखतो पण बोलत नाही, कारण त्याचीही मोटर असते.

इथं घरोघरी विहिरी खोदायची जुनी रीत आहे. गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं १९२४ चं काँग्रेस अधिवेशन बेळगावात भरलं तेव्हा माणसांच्या पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर काढली, ती काँग्रेस विहीर आजही आहे. नव्या वसाहतीत विहीर किंवा उथळ कूपनलिका काढायची तर शोषखड्ड्यापासून ती निदान १५ मीटर लांब हवी असा ढोबळ नियम आहे. १५ मीटर म्हणजे जवळपास ५० फूट. गंमत अशी की ३० बाय ४० च्या प्लॉटचा कर्ण बरोबर ५० फूट येतो. विहीर एका कोपऱ्यात आणि खड्डा कर्णाच्या पलीकडच्या टोकाला, अगदी कोनात टेकवून ठेवला तरच नियम पाळला जातो. आणि तो पाळल्यावर भिंतीपलीकडे, विहिरीपासून पाच फुटांवर, शेजाऱ्याचा शोषखड्डा निघतो. अशा वस्तीत विहिरीचं पाणी झाडांना, धुण्या-पुसण्याला वापरावं. प्यायचंच असेल तर उकळूनच.

पुराचं पाणी विहिरीत शिरलं तर आधी ते उपसावं, मात्र बाहेरची पाणीपातळी उतरल्यावर, नाहीतर जुनं बांधकाम आत ढासळतं. मग नवं पाणी आल्यावर ब्लीचिंग पावडर. व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करायचा, पाण्याच्या खोलीनं आणि ३.१४ नं गुणायचं, चारनं भागायचं, की घनमीटर निघतात. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर या हिशोबानं ७० ग्रॅम. ती बादलीत कालवून पाच-दहा मिनिटं ठेवावी, चुना तळाशी बसला की वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्यावं आणि ती बादली दोरानं पाण्याखाली सोडून वर-खाली हिसके द्यावेत. तासभर तरी पाणी काढू नये. पावडर उघड्या पुडक्यातली, दमट, वास उडालेली असेल तर तो सगळा खटाटोप फुकट. चुना मात्र पडतो.

आता नळ. या वसाहतींच्या दारात नाला असला तरी नळाला पाणी येतं ते मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातून, नाहीतर घटप्रभेवरच्या हिडकलहून. राकसकोपची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून २४७५ फूट. जून संपत आला की बेळगावात चहाच्या टपरीवरही हा आकडा चालतो, "किती फूट झालं?" एवढंच विचारलं तरी कशाबद्दल ते सांगावं लागत नाही. त्या पाण्याचा प्रवास मजेशीर आहे. मार्कंडेयचं पाणी हिंडलग्याच्या उपसा केंद्रातून लक्ष्मी टेकच्या शुद्धीकरण केंद्रावर चढतं, शुद्ध होऊन घरात येतं, न्हाणीतून गटारात, गटारातून बळ्ळारी नाल्यात, आणि तो नाला पुढं जाऊन मिळतो मार्कंडेयलाच. वरच्या अंगाला आपण नदीकडून घेतो आणि खालच्या अंगाला परत करतो, फक्त कुठल्या रूपात ते नाल्याच्या रंगावरून कळतं. खाली हेच पाणी उपसून ऊस आणि भाजी पिकवणारी गावं आहेत, आणि ती भाजी सकाळी आपल्याच बाजारात येते.

२००८ साली हुबळी-धारवाड, गुलबर्गा आणि बेळगावच्या निवडक भागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला. ज्या गल्ल्यांना तो मिळाला त्यांना संपाची गरज उरली नाही. बाकीच्यांना पाळी आहे. पाळीच्या नळाला थेट मोटर जोडणं हा गुन्हा तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे ते स्वतःच्याच तोंडात गटार ओढून घेणं आहे. वाहिनीत दाब नसताना मोटर ओढते, आणि जिथं सांधा गळका असतो तिथून बाहेरचं पाणी आत शिरतं. नाल्याकाठी वाहिनीच्या बाहेर काय असतं ते सांगायला नको. म्हणून मोटर न लावणाऱ्यांनीही नळ आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं पाणी झाडांना सोडावं आणि मग पिण्याची घागर भरावी.

डासांबद्दल एक ठाम गैरसमज आहे. नाल्याकडे बोट दाखवून लोक डेंगीसाठी तक्रारअर्ज लिहितात. नाल्याच्या घाणीत वाढतो तो क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणणारा, हत्तीरोगाचा. डेंगीचा एडिस स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, म्हणजे चार दिवसांआड येणाऱ्या नळासाठी भरून ठेवलेल्या आपल्याच पिंपात. अंड्यापासून डास व्हायला सात-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप पूर्ण रिकामं करायचं. नुसतं पालथं घालून भागत नाही, कारण अंडी काठाला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तग धरतात. काथ्यानं आतून घासायचं. घराच्या विहिरीत गप्पी मासे सोडावेत, आरोग्य केंद्रात चौकशी केली की मिळतात. म्हणजे नाल्याचा वास पालिकेकडे नेण्यासारखा असला तरी डेंगी आपल्या न्हाणीतच सोडवावी लागते.

बाकी सोयींचं फार लिहिण्यासारखं नाही. किराणा, दळपाची गिरणी आणि दूध पहिल्या दहा घरांबरोबरच येतात. औषधांचं दुकान पन्नास घरं झाल्याशिवाय येत नाही. बस येते ती मुख्य रस्त्यापर्यंत. जून २०२३ पासून बायकांना सरकारी बस फुकट झाल्यावर सकाळी साडेआठच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा कामावर जाणाऱ्यानं एक गाडी आधीची धरावी. दसऱ्यापर्यंत आतल्या रस्त्याला दुचाकीचाच भरवसा. वीजमीटरची पेटी पाच फुटांवर, आणि मेन स्विचजवळ ३० मिलिॲम्पिअरचा गळतीरोधक ब्रेकर, या दोन गोष्टी नाल्याकाठी ऐच्छिक समजू नयेत. तार तुटून पाण्यात पडली तर १९१२ ला फोन आणि तोवर त्या पाण्यात कोणीही उतरायचं नाही. अंगणात साप निघतातच. बहुतेक वेळा ती दिवड असते, चवताळली तरी बिनविषारी. पण शिवारात घोणसही आहे आणि तिची चूक माफ होत नाही, म्हणून रात्री टॉर्चशिवाय बाहेर पडू नये.

पाण्याकाठ म्हणजे सगळीकडे एकच, असंही नाही. शहरात किल्ल्याजवळचं कोट केरे आहे. फिरायला वाट आहे, ११० मीटर उंचीच्या झेंड्याचा खांब आहे, संध्याकाळी भेळ मिळते. त्या पाण्याला घरं लागलेली नाहीत म्हणूनच ते बघण्यासारखं राहिलं. कपिलेश्वरच्या तलावांचा कस विसर्जनाच्या दिवशी लागतो, चोवीस तासांहून जास्त मिरवणूक पोटात घ्यायची. निपाणीचा जवाहर तलाव हा गावाच्या पिण्याचा, तिथं काठावर सोय करायची ती काठावर काही न करण्याची. खानापूरला मलप्रभा कणकुंबीहून ताजी उतरते. चढते झपाट्यानं आणि पाऊस थांबला की उतरतेही तशीच. चिकोडीकडे येडूर, मांजरी, अंकलीला कृष्णा मात्र दिवसा-दिवसानं चढते. कोयनेतून किती सोडलं, राजापूर बंधाऱ्यावरून किती क्युसेक निघालं, कल्लोळचा बंधारा कधी बुडाला, हे ऐकून तिथला माणूस गुरं हलवतो. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा पाणी सांगून आलं, आणि आलं ते आठवडा-आठवडा हललं नाही. बळ्ळारी नाला कोणाला सांगत नाही. तो दोन तासांत येतो, त्याला क्युसेक नसतात, आणि त्याच्या बातमीला फोटो शेतातल्या पाण्याचा असतो.

म्हणून नाल्याकाठच्या वसाहतीत सोयींची यादी करताना बाग, बाकडी, दिवे, पळायचा ट्रॅक यांच्या आधी मी एक गोष्ट बघेन. नाल्यात पोकलेन उतरायला बारा-चौदा फुटांची मोकळी वाट ठेवली आहे का? बहुतेक ठिकाणी काठापर्यंत कंपाऊंड आलेलं असतं आणि मशीन वरूनच हात लांबवून जेवढं पोचेल तेवढं काढतं, म्हणजे अलीकडचा अर्धा नाला. पलीकडचा अर्धा तसाच. बरं, काढलेला गाळ आणि जलपर्णी उचलून न्यायला ट्रॅक्टरलाही तीच वाट लागते. ती नसली की रोहिणी नक्षत्रात काढलेला ढीग काठावरच राहतो. वाळतो, त्याच्यावर पोरं खेळतात, कोणीतरी फोटो काढून काम झाल्याचं कळवतं. मग मृगाची पहिली सर येते आणि तो सगळा ढीग, होता तिथं, नाल्यात परत जातो.